‘सिस्टर क्वालिफाइड आहेत ना?’

पत्र असं आहे :

‘ताई, सांगलीत विश्रामबागला एका नर्सिंग ब्युरोत मी को-ऑर्डिनेटर आहे. वय सत्तावीस, शिक्षण बी. कॉम. घरी पेशंट सांभाळायला मावश्या, ब्रदर, नर्स पाठवणं हे आमचं काम. बायका शोधायच्या, कागदपत्रं घ्यायची, ड्युटी लावायची, कुणी दांडी मारली की बदली द्यायची, सगळं माझ्याकडं. पगार बेताचा, पण लावलेल्या प्रत्येक ड्युटीमागं इन्सेन्टिव्ह मिळतो.

गेल्या महिन्यात माधवनगरला एका आजोबांसाठी मावशी पाठवल्या. आजोबांना नाकातून नळी आहे. मुलगा पुण्यात. त्यानं फोनवर विचारलं, “सिस्टर क्वालिफाइड आहेत ना?” ब्युरोचे मालक, आमचे सर, समोरच बसले होते, त्यांनी मान हलवली, मी “हो” म्हणाले. मावशी त्याआधी एका मेसमध्ये पोळ्या लाटायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी आजोबांना आडवंच ठेवून नळीतून पेज दिली. ठसका लागला, दम लागला, मिरजेला ॲडमिट करावं लागलं. आता घरी आलेत. मुलाला अजून खरं माहीत नाही आणि मावशी तिथंच आहेत. सर म्हणतात, या लाइनमध्ये असं चालतंच.

दुसरं म्हणजे, आमची एक मुलगी ऑफिसात येऊन रडली. तिची पेशंट आजी आहे, पण आजींचा जावई किचनमध्ये मागं येऊन उभा राहतो, हात लावतो. सर म्हणाले, पार्टी चांगली आहे, पैसे वेळेवर देते. हिला काढ आणि जरा वयस्कर बाई पाठव. मी पाठवली.

रात्री अकराला, पहाटे पाचला फोन येतात. जेवण धड होत नाही. भावाचं इंजिनिअरिंग चालू आहे म्हणून धीर होत नाही, नाहीतर कधीच सोडलं असतं. सोडू का?’

नोकरीचं शेवटी बोलू. आधी माधवनगर, कारण तिथं आजही दिवसातून पाच-सहा वेळा त्याच नळीतून, त्याच हातांनी पेज जाते आहे.

रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या त्या नळीतून, भरवताना पेशंटचं डोकं आणि छाती किमान तीस अंश, जमलं तर पंचेचाळीस अंशांपर्यंत वर हवी. डोक्याकडून उचलता येणारी कॉट नसेल तर पाठीशी लोड, उशा, काहीही लावून बसतं करायचं. भरवण्याआधी नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे ना ते बघायचं. सिरिंजनं हलकेच ओढून पोटातलं येतंय का, ते बघायचं. आधीचंच बरंच उरलं असेल तर थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. भरवताना दांडा दाबून पेज ढकलायची नाही. सिरिंज उंच धरायची, आपोआप उतरू द्यायची. झाल्यावर थोडं पाणी सोडून नळी धुवायची आणि पेशंटला अर्धा ते एक तास तसंच बसतं ठेवायचं. आडवं ठेवून दिलं की पोटातलं उलटं वर चढतं, श्वासनळीत उतरतं आणि म्हाताऱ्या माणसाला त्यातून न्यूमोनिया होतो. आजोबा घरी परत आले हे नशीब म्हणायचं.

यातलं एक अक्षरही त्या मावशींना कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं त्यांना बोल लावू नकोस. नळी घालणं, बदलणं हे नर्सचं काम. भरवणं मात्र घरचा माणूसही शिकून करू शकतो. दवाखान्यातून सोडताना नातेवाइकांना दाखवतात ते त्यासाठीच. म्हणजे मावशींना तिथून काढलंच पाहिजे असं नाही. एखादी रजिस्टर्ड नर्स दोन दिवस त्या घरी पाठव, तिच्यासमोर मावशींना भरवायला लाव, तिनं ‘आता जमतंय’ म्हटल्यावरच एकटं सोड. नळी बदलायला आणि आठवड्यातून एकदा बघून जायला तीच नर्स ठरवून टाक. त्या दोन दिवसांचे पैसे ब्युरोनं भरायचे, मुलानं नाही.

आणि मुलाला फोन कर. सरांना आधी कानावर घाल, पण परवानगी मागायला जाऊ नकोस. परवानगी मागितलीस की उत्तर ठरलेलं आहे. फोनवर फार शब्द लावू नकोस. ‘त्या दिवशी मी हो म्हणाले ते बरोबर नव्हतं. मावशी नर्स नाहीत, अटेंडंट आहेत. स्वच्छता, अंघोळ, कूस बदलणं त्या नीट करतात. नळीचं शिकवायला आम्ही नर्स पाठवतोय, त्याचा खर्च आमचा. तुम्हाला बदलून हवं असेल तर सांगा.’ एवढं पुरे. तो चिडेल. ॲडमिशनचा खर्च मागेल, कदाचित तक्रारीची भाषा करेल. त्याचा तो हक्कच आहे. पण एक विचार कर, तो पुण्यात बसून निर्णय घेतोय ते तुझ्या त्या एका ‘हो’वर. उद्या आजोबांना रात्री खोकला सुटला तर ‘सिस्टर आहेत, बघतील’ म्हणून तो डॉक्टरला फोनच करणार नाही. आणि मावशी ‘साहेबांनी काही सांगितलं नाही’ म्हणून गप्प बसतील. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि आजोबा मध्ये.

आता जावई. इथं मी जरा कडक बोलणार आहे. वयस्कर बाई पाठवून तू काय सोडवलंस? असल्या माणसाचे हात वय बघून थांबत नाहीत. फार तर ती बाई तुझ्या ऑफिसात येऊन रडणार नाही, कारण तिला पोटाची भीती जास्त. तिला आजच्या आज तिथून काढ. घराला सांग, बाई मिळणार नाही. कारण विचारलं तर सरळ सांगायचं की आमच्या बाईला त्या घरात सुरक्षित वाटलं नाही. आजींचे हाल होतील, हे मला दिसतंय. पण आजींची जबाबदारी आधी त्यांच्या घराची आहे. घरातली दुसरी कुणी जबाबदार व्यक्ती पुढं आली, तो माणूस ड्युटीच्या वेळी घरात नसेल अशी व्यवस्था झाली, तर पुढचं बघता येईल, तोपर्यंत नाही.

ती आधीची मुलगी, तिला बोलावून घे आणि तिला काय हवंय ते विचार. तिच्या परवानगीशिवाय तिचं नाव आजींच्या मुलीलाही सांगायचं नाही. २०१३ च्या कायद्यात, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याच्या कायद्यात, राहतं घरसुद्धा कामाचं ठिकाण धरलेलं आहे. बाई थेट नोकरीला असो की एजंटमार्फत, कायदा तिला लागू होतो. ‘आम्ही फक्त नावं देतो, बाया आमच्या नोकर नाहीत’ ही ब्युरोवाल्यांची नेहमीची पळवाट इथं चालत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली तर ब्युरोत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. दहाच्या आत असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते, म्हणून ‘बघू नंतर’ म्हणू नकोस. त्रास देणारा तुमचा नोकर नाही, बाहेरचा आहे, तरीही तिला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. तिला नसेल जायचं तर जबरदस्ती करू नकोस. पण तिनं सांगितलेलं तारीख घालून लिहून ठेव, वाचून दाखव, तिची सही घे, एक प्रत तिला दे. ड्युटी सुटल्यामुळं तिचे जेवढे दिवस बुडाले तेवढे भरून द्या आणि पुढची ड्युटी तिलाच पहिली लावा. नाहीतर काय होतं, तक्रार केली की काम जातं, हे सगळ्या बायका बघतात आणि पुढची तोंड उघडत नाही.

जाता जाता एक फरक सांगते, कारण वॉर्डात काढलेल्या वर्षांत मी तो बऱ्याचदा घोळताना पाहिला. स्मृतिभ्रंश झालेला पेशंट कधी मारतो, ओरबाडतो, नको तिथं हात घालतो. तेही सहन करायला सांगायचं नाहीच, पण त्याचा इलाज वेगळा. तिथं ब्रदर पाठवायचा, घरच्यांना स्पष्ट सांगायचं, डॉक्टरांना कळवायचं. शहाणासुरता जावई या खात्यात बसत नाही.

बरं, आता तुझ्या कामाकडं वळते. पेशंटच्या घरचे ओरडत असणार, बायका ओरडत असणार, सर ओरडत असणार. मृदंगासारखा दोन्हीकडून मार. हे सगळ्याच को-ऑर्डिनेटरना भोगावं लागतं, पण तुझ्या पत्रात मला एक गोष्ट ठळक दिसली : तुला पैसे मिळतात ते ड्युटी लावल्याचे. टिकल्याचे नाहीत. बाई चौथ्या दिवशी पळाली आणि तू पाचव्या दिवशी दुसरी लावलीस तर तुझा इन्सेन्टिव्ह दोनदा. म्हणजे तुझ्या ऑफिसात चुकीची बाई पाठवणं फायद्याचं आहे, आणि बरोबर बाई शोधायला अर्धा तास जास्त घालवणं तोट्याचं. मग रात्री अकराला फोन येणारच. सरांना सांग, इन्सेन्टिव्ह ड्युटीला पंधरा दिवस किंवा महिना पूर्ण झाल्यावर द्या, हवं तर रक्कम थोडी वाढवून द्या. मालक कितीही व्यवहारी असला तरी बदल्या पाठवण्यातला तोटा त्यालाही कळतो.

घरून पहिला फोन येतो तेव्हा बहुतेक ब्युरोत दोनच प्रश्न विचारतात : बारा तास की चोवीस, आणि बजेट किती. इथंच सगळं बिनसतं. तू पहिला प्रश्न वजनाचा विचार. हसू नकोस. नव्वद किलोच्या, अर्धांगवायू झालेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर माकडहाडाशी बेडसोर धरतो. पंचेचाळीस किलोची बाई हे दोन दिवस ओढून नेईल, तिसऱ्या दिवशी तिची कंबर धरेल, चौथ्या दिवशी फोन स्विच ऑफ. मग तू म्हणणार, ‘बायका बेजबाबदार आहेत.’

वजनानंतर नळ्या विचार : नाकातली, लघवीची, घशातली. जखम आहे का, ऑक्सिजन आहे का, इन्सुलिन कोण देणार. रात्री किती वेळा उठतात. घरात दिवसभर कोण कोण असतं. भाषा कोणती, कारण मिरजेत कर्नाटकातून आलेले पेशंट कितीतरी असतात आणि जत भागातल्या म्हाताऱ्यांना दुखणं सांगायचं तर कानडीच येतं. तिथं कानडी बोलणारी मावशी नर्सपेक्षा उपयोगी पडते. मग बाईच्या बाजूचे प्रश्न. ती झोपणार कुठं? हॉलमध्ये, कॅमेऱ्याखाली, की दार लागेल अशा जागी? जेवण घरचं की डबा? संडास कुठला? धुणंभांडी, नातवंडं सांभाळणं गळ्यात मारणार का? चोवीस तासांची ड्युटी म्हणजे चोवीस तास जागं राहणं नव्हे, हे घराला आधीच सांग. रात्री चार-चार वेळा उठावं लागत असेल तर दिवसा झोपायला सलग वेळ द्यावा लागेल, नाहीतर दोन बायका घ्याव्या लागतील. हे बोलायला संकोच वाटतो, कारण पार्टी हातची जाईल असं वाटतं. जाते कधीकधी. पण अशी पार्टी आठवड्यानं जाणारच असते, आणि जाताना बाईही घेऊन जाते.

‘आमच्यातलीच बाई द्या’ हा फोन तर तुला येतच असणार. गावभागातून येतो तसा नव्या सोसायट्यांतूनही येतो. वाद घालत बसू नकोस. ‘आम्ही कामाचं शिक्षण लिहितो, जात लिहीत नाही’ एवढं म्हण आणि पुढचा प्रश्न विचार. कपबशी वेगळी ठेवणाऱ्या घरी मात्र बाईला आधी कल्पना दिल्याशिवाय पाठवू नकोस, आणि ती नाही म्हणाली तर तो खाडा धरायचा नाही.

मग कुणाला काय म्हणून पाठवायचं? सांगली-मिरजेत हे अवघड नसावं. मिरजेत डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, नर्सिंग रुजलेलं आहे. १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. इथल्या घराघरात कुणाची तरी आत्या, मामी नर्स असते. नर्सिंगचे कोर्स दोन, जीएनएम तीन वर्षांचं, एएनएम दोन वर्षांचं, आणि ते केलेल्या दोघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी लागते. नोंदणीचा कागद बघ, नूतनीकरणाची तारीख बघ, नंबर फाइलला लिही. झेरॉक्सवर विसंबू नकोस, मूळ बघ आणि तिथल्या तिथं परत दे. (तुमच्या ऑफिसच्या कपाटात बायकांची मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवलेली असतील तर तीही परत करायला लाव. ‘सोडून जाऊ नये म्हणून’ हे कारण मला माहीत आहे. ते कारण नव्हे, दमदाटी आहे.) त्याखाली जनरल ड्युटी असिस्टंटसारखे काही महिन्यांचे कोर्स केलेल्या मुली. त्याखाली नुसत्या अनुभवाच्या मावश्या. इंजेक्शन, सलाइन, सक्शन म्हणजे घशातला कफ मशिननं ओढणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं हे डॉक्टरांच्या सांगण्यानुसार नर्सचं काम, ते मावशीकडं जाता कामा नये, घरच्यांनी कितीही गळ घातली तरी. ‘अहो सोपं असतं, यूट्यूबवर आहे’ म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत.

यात मावशींना कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. चादर न काढता पेशंटखालून बदलणं, ओल्या फडक्यानं अंग पुसताना त्याला थंडी वाजू न देणं, दात नसलेल्या तोंडात चमच्यानं भात भरवताना गिळेपर्यंत थांबणं, हे चांगल्या मावशीइतकं कुणाला जमत नाही. खरं तर तुझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच घरांना नर्सची गरजच नसते. त्यांना अटेंडंट लागते आणि अधूनमधून बघून जाणारी नर्स. हे तू पहिल्या फोनवर सांगितलंस तर त्यांचे पैसे वाचतात आणि तुझ्यावर विश्वास बसतो. मावशीला नर्स म्हणून पाठवलं की घर नर्सचे पैसे मोजतं, मावशीला मिळतात मावशीचेच, मधला फरक ब्युरोत राहतो आणि काही बिघडलं तर शिव्या मावशीला. ‘चालतंच’ म्हणतात ते याला. कुठल्या घराला काय लागतं हे ठरवणं हेच तुझं काम आहे. फोन उचलणं आणि गाडीभाडं देणं कुणीही करेल.

म्हणून उद्यापासून ड्युटीच्या स्लिपवर हुद्दा लिहायला लाग. नर्स असेल तर नोंदणी क्रमांकासकट नर्स, नाहीतर अटेंडंट. काय काय करेल आणि काय करणार नाही, दोन ओळी. घरच्यांची सही. पेशंटच्या उशाशी एक साधी शंभरपानी वही ठेवायची, त्यात किती वाजता काय भरवलं, लघवी किती, शौच झालं का, कूस कधी बदलली, गोळ्या कुणी दिल्या. बाईला लिहायला जड जात असेल तर रकाने आखून दे, नुसती खूण करू दे. पहिल्या दिवशी घरच्यांना दागिने, रोकड कपाटात घालून किल्ली स्वतःकडं ठेवायला सांग. आणि बाईची पिशवी तपासायची सवय कुठल्या घराला असेल तर ती बंद कर. अंगठी सापडत नाही म्हणून मावशीला चौकीत नेण्याची धमकी दिली जाते आणि दोन दिवसांनी अंगठी बाथरूममध्ये निघते, हे नवीन नाही.

रात्रीचे फोन. यातले निम्मे तू दिवसा मिटवू शकतेस, कारण बायका का येत नाहीत हे सहसा आधी कळण्यासारखं असतं. सकाळी आठची ड्युटी लावताना बाई कवलापूरहून येणार की मालगावहून, तिला पहिली गाडी कितीची, हे विचारलंस का? दिवाळीत भाऊबीजेला बाई माहेरी जाणारच. गावची जत्रा असली की जाणारच. तासगाव, पलूसकडच्या बायका तर द्राक्षाची फळछाटणी झाली की बागेत जातात. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, या कामांना टोळीत मजुरी चांगली मिळते, घरी परत येता येतं, आणि कुणाचं डायपर बदलावं लागत नाही. तुझ्या ड्युटीनं त्या मजुरीशी बरोबरी केली नाही तर ती का यावी? तेव्हा ऑफिसात भिंतीवर कॅलेंडर लाव आणि प्रत्येक बाईला महिनाभर आधी विचारून तिचे न येण्याचे दिवस त्यावर लिही. सांगून घेतलेल्या रजेला दंड नाही, न सांगता मारलेल्या दांडीला आहे, असा नियम कर. दोन बायका बदलीसाठी राखीव ठेव आणि नुसतं तयार राहण्याचेही त्यांना थोडे पैसे दे. उचल मागितली तर द्यायची, पण वहीत, तिच्या सहीनं, आणि हप्त्यानं कापायची. सगळी एका पगारातून कापलीस तर पुढच्या महिन्यात ती येणार नाही.

पावसाळ्याची वेगळी यादी. कृष्णेला पाणी चढलं की सांगलीच्या आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांवर इशारा पातळी, पंचेचाळीसवर धोका. २०१९ चा पूर तू पाहिलेला असणार. सखल भागातल्या घरांत तुमचे अंथरुणाला खिळलेले पेशंट कोण आहेत, ऑक्सिजनवर कोण आहेत, ही यादी जून संपायच्या आत तयार हवी, कारण ज्या पेशंटला उचलायला चार माणसं लागतात त्याला पाणी दारात आल्यावर हलवता येत नाही. त्याच्या घरच्यांना पाणी चाळीस फुटांकडं सरकतंय तोवर फोन गेला पाहिजे. आणि तुझी बाई त्या घरात अडकणार असेल तर तिच्या पोरांचं काय, हेही.

उरलेले फोन खरे असतात : पेशंट पडला, फिट आली, शुद्ध हरपली, श्वास अडकला. प्रत्येक बाईला पाठ करून घे की आधी १०८, मग घरचे, मग ऑफिस. आत्ता ती उलट करते, तुला फोन लावते, तू सरांना लावतेस, सर उचलत नाहीत. बाकी ‘चहा मिळाला नाही’, ‘उद्या उशीर होईल’ हे मेसेजवर, सकाळी सातनंतर. ऑफिसचं वेगळं सिम घे. ते सिम आठवड्यातले काही दिवस रात्री सरांकडं राहील, हे ठरवून घे. ब्युरो त्यांचा आहे.

आता सोडायचं की नाही. मी म्हणेन, आज नाही. आधी सरांसमोर दोन गोष्टी ठेव, तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून : नोंदणी नसलेल्या कुणालाही मी नर्स म्हणून सांगणार नाही, आणि त्या जावयाच्या घरी बाई पाठवणार नाही. इन्सेन्टिव्ह, सिम, राखीव बायका यावर घासाघीस होऊ दे, तिथं थोडं पुढंमागं चालेल. या दोहोंवर नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांवर पुन्हा तेच येईल आणि तेव्हा फोनवर ‘हो’ म्हणणारा आवाज तुझाच असेल. सर म्हणतील, मला काही माहीत नाही, मुलीनं सांगितलं.

त्यांनी मानलं तर राहा. तुझ्यासारखी, चूक झाल्यावर झोप उडणारी मुलगी या लाइनला हवीच आहे. नाही मानलं तर शोधायला लाग, पण दुसरं हातात येईपर्यंत हे सोडू नकोस, भावाची फी आहे. मिरजेतल्या, सांगलीतल्या मोठ्या दवाखान्यांत पेशंटला डिस्चार्ज देताना घरची व्यवस्था लावून देणारी, नातेवाइकांशी बोलणारी माणसं लागतात. तू दोन्ही बाजू जाणतेस, ही तुझी जमेची बाजू. जाताना बायकांची, पेशंटची यादी उचलून नेऊ नकोस, ती माणसांची खाजगी माहिती आहे. तू दुसऱ्या ब्युरोत जाऊ नये असं काही लिहून घेतलं असेल तर त्याला घाबरू नकोस. नोकरी सोडल्यावर तोच धंदा करू नये अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमानं टिकत नाही. अनुभवाचं पत्र राजीनाम्याच्या आधी घे, राजीनाम्याची पोच घे, आणि इन्सेन्टिव्हचा हिशेब शेवटच्या पगाराबरोबरच चुकता करून घे. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाले की तो पैसा गेला समज.